पावलांची प्रार्थना : चक्रव्यूहाची आखणी आणि चाल

प्रार्थनेस बसले असता चित्त ठिकाणावर राहत नाही, ही तक्रार घेऊन धर्मगुरूंकडे जाणाऱ्यांची संख्या कोणत्याही मंडळीत लहान नसते, आणि अधिक निग्रहाने बसावे, हाच उपदेश त्यांना बहुधा मिळतो. परंतु खडकीसारख्या गावात, जेथे 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना चालू आहे, जेथे कित्येक घरांतला दिवस पाळीच्या हिशेबाने विभागला जातो आणि जेथे लष्करी शिस्तीमुळे रस्त्यापासून झाडांच्या रांगेपर्यंत सारे काही सरळ रेषेत मांडण्याचा शिरस्ता पडून गेला आहे, तेथील श्रमलेल्या मनुष्याला डोळे मिटताच एक तर झोप येते, नाही तर उद्याच्या कामांची यादी दिसू लागते. आणि त्यात त्याच्या श्रद्धेचा दोष काडीमात्र नसतो. अशा मनुष्याला बसण्याऐवजी चालण्याची मुभा द्यावी, मात्र त्या चालण्यात कोठे लवकर पोहोचण्याची घाई नसावी, अशी योजना ज्यात आपोआप साधते असे एक साधन म्हणजे चक्रव्यूहाची, अर्थात लॅबिरिंथची, वाट होय. ती आपल्या चर्चच्या आवारात कशी आखावी, तीवरून कसे चालावे, आणि तिच्यापासून काय अपेक्षा ठेवावी व काय ठेवू नये, याचा तपशील पुढे दिला आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केलेला बरा. ही वाट म्हणजे भूलभुलैया नव्हे. भूलभुलैयात फाटे असतात, फसव्या वाटा असतात आणि चालणाऱ्याच्या चातुर्याची तेथे परीक्षा होते. या चक्रव्यूहात मात्र वाट एकच, ती कितीही वळली तरी तुटत नाही, आणि जो ती सोडत नाही तो मध्यापर्यंत हमखास पोहोचतो व त्याच वाटेने बाहेर येतो. येथे बुद्धिमान मनुष्याला अधिक सोपे आणि मंदबुद्धीला अधिक अवघड असे काही नाही. प्रार्थनेतही नेमके हेच मागितलेले असते : कुशलता नव्हे, तर वाट न सोडणे. जे मनाला सांगून पटत नाही, ते पावलांकडून करवून घेतल्यास मनालाही हळूहळू पटते, हे या साधनेचे मर्म आहे.

परंपरा किती जुनी, किती नवी

ख्रिस्ती उपासनास्थळात ही आकृती येऊन फार शतके लोटली आहेत. आज अल्जीरियात असलेल्या एका प्राचीन चर्चच्या फरशीवर, सन 324 च्या सुमारास, चौकोनी चक्रव्यूहाच्या मध्यभागी 'पवित्र मंडळी' या अर्थाच्या लॅटिन शब्दांची अक्षरे गुंफलेली होती. फ्रान्समधील शार्त्र येथील कॅथीड्रलच्या फरशीत तेराव्या शतकाच्या आरंभी बसविलेला 11 वेढ्यांचा चक्रव्यूह आजही शाबूत असून त्याचा व्यास सुमारे 13 मीटर आणि त्यातील वाटेची लांबी अडीचशे मीटरांहून थोडी अधिक आहे. ओसेर येथील कॅथीड्रलमध्ये पुनरुत्थानाच्या सणाला तेथील धर्मगुरू अशाच आकृतीभोवती फेर धरून चेंडू झेलीत असत आणि हा रिवाज 1538 मध्ये बंद करण्यात आला. तर रॅंस येथील चक्रव्यूह, त्यावर मुले धावून उपासनेत व्यत्यय आणतात, या कारणास्तव अठराव्या शतकात उखडून टाकण्यात आला.

यरुशलेमची यात्रा ज्यांना शक्य नव्हती ते मध्ययुगात गुडघ्यांवर चालत हा चक्रव्यूह पार करीत, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. परंतु मध्ययुगातील लेखी पुरावा त्याला पाठबळ देत नाही, आणि 'यरुशलेमची वाट' हे नाव बरेच नंतरचे आहे. आज जगभर जी प्रार्थनेची पद्धत रूढ आहे, तिला चालना मिळाली ती विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमधील लॉरेन आर्ट्रेस या धर्मोपदेशिकेच्या प्रयत्नांमुळे. म्हणजे आकृती प्राचीन, पण तिचा हा उपयोग बराचसा अर्वाचीन. हे प्रांजळपणे मान्य केल्याने साधनेचे मोल कमी होत नाही. प्राचीनतेचा खोटा दाखला जोडल्याने मात्र ते निश्चित कमी होते.

आपल्या भूमीला तर ही आकृती मुळीच परकी नाही. गोव्यात रिवणजवळ उसगाळीमळ येथे कुशावती नदीच्या काठी जांभ्या खडकावर कोरलेल्या प्रागैतिहासिक चित्रांत ती आहे. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरात अभिमन्यूच्या युद्धप्रसंगात ती शिल्पित झाली आहे. आणि सोलापूर जिल्ह्यातील बोरामणीच्या गवताळ माळावर दगड मांडून केलेली 15 वेढ्यांची वर्तुळाकार रचना अलीकडेच अभ्यासकांच्या नजरेस आली आहे.

यावरून काही श्रद्धावंतांच्या मनात शंका येते, की जी आकृती इतर धर्मांच्या स्थळीही आढळते ती प्रार्थनेत आणावी काय? या शंकेचे उत्तर मराठी ख्रिस्ती समाजाने आपल्या आचरणाने पूर्वीच दिलेले आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले ते ओवीत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी कीर्तनाचा आणि भजनाचा घाट ख्रिस्तकथेसाठी स्वीकारला. आणि जॅक विन्स्लो यांनी स्थापिलेल्या ख्रिस्त सेवा संघाने खडकीपासून फार दूर नसलेल्या शिवाजीनगरातील आपल्या आश्रमात भारतीय रीतीच्या उपासनेचा मार्ग अवलंबिला. घाट कोणाचा, यापेक्षा त्यातून कोणाची स्तुती होते, हा प्रश्न त्यांनी महत्त्वाचा मानला. तथापि ज्याच्या सदसद्विवेकबुद्धीला हे पटत नाही त्याच्यावर आग्रह करू नये. क्रूसाच्या वाटेची 14 स्थाने त्याच्यासाठी आहेतच, आणि त्यांतही पाय चालतात व मन थांबते.

परवानगी आणि जागा

पहिली पायरी परवानगीची. चर्चच्या आवारात काही आखावयाचे तर धर्मगुरूंची आणि पास्टरेट कमिटीची अथवा पॅरिश कौन्सिलची संमती आधी घ्यावी, आणि ती तोंडी न घेता सभेच्या नोंदवहीत लिहून घ्यावी, म्हणजे पुढे कारभारी बदलले तरी वाद उद्भवत नाही. आवार छावणीच्या हद्दीत असेल, तर विटांचे, फरशीचे वा सिमेंटचे पक्के काम हाती घेण्यापूर्वी जागेचे दस्तऐवज काय सांगतात ते पाहून कँटोन्मेंट बोर्डाच्या दफ्तरात चौकशी करणे अगत्याचे आहे. यास्तव पहिल्या वर्षी पक्क्या बांधकामाची तजवीजच करू नये. फक्कीने किंवा खडूने आखलेली, पुसून जाणारी वाट पुरेशी आहे.

सोपा आणि जुना प्रकार 7 वेढ्यांचा. त्यासाठी लागणाऱ्या जागेचा अंदाज असा, की वाट जितकी रुंद ठेवावयाची, तिच्या सुमारे 15 पट रुंदीची मोकळी जागा हवी. वाट दीड फूट रुंद असेल तर 23 फुटांचे अंगण पुरते. दोन फूट असेल तर 30 फूट लागतात. आणि घराच्या गच्चीवर एकट्यापुरती एक फुटाची वाट आखली तर 15 फुटांत काम भागते. दीड फुटाच्या वाटेवर आत जाण्याचे अंतर साधारण अडीचशे फूट भरते, म्हणजे सावकाश चालणाऱ्याला आत जाऊन थांबून परत येण्यास पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

आखणी

ठिपके आणि रेषा जोडून ज्यांनी दारात रांगोळी काढली आहे त्यांना ही आखणी शिकविण्याची गरज पडत नाही. आधी कागदावर सराव करावा. प्रथम मध्यभागी एक क्रूस काढावा, दोन्ही रेषा सारख्या लांबीच्या. क्रूसाने जे चार कोपरे पडतात, त्या प्रत्येकात एक काटकोन काढावा, असा की त्याचे टोक क्रूसाच्या मध्याकडे आणि दोन्ही बाहू बाहेरच्या दिशेने राहतील. या सर्व टोकांना वेढणारा चौकोन मनात धरून त्याच्या चारही कोपऱ्यांत एकेक ठिपका द्यावा. आता क्रूसाची चार टोके, काटकोनांची आठ टोके आणि चार ठिपके मिळून 16 बिंदू होतात, आणि हे सर्व सारख्या अंतरावर असावेत. ते अंतर म्हणजेच वाटेची रुंदी.

मग जोडणी. क्रूसाचे वरचे टोक उजवीकडील लगतच्या बिंदूला लहानशा कमानीने जोडावे; या कमानीखालची जागा हा चक्रव्यूहाचा मध्य. त्यानंतर क्रूसाच्या डावीकडचा पहिला मोकळा बिंदू घेऊन, पहिल्या कमानीवरून सारखे अंतर राखीत, उजवीकडच्या पहिल्या मोकळ्या बिंदूला जोडावा. आणि असाच क्रम, डावीकडचा पुढचा बिंदू उजवीकडच्या पुढच्या बिंदूला, अखेरपर्यंत चालू ठेवावा. एकूण 8 कमानी होतात, आणि शेवटची सर्वांना वेढून क्रूसाच्या पायथ्याशी येऊन मिळते. या पायथ्याच्या डाव्या हाताला जी फट उरते, तेच प्रवेशद्वार. सारी आकृती क्रूसातून वाढते आणि आत शिरणारा क्रूसाच्या पायथ्यालगत पहिले पाऊल टाकतो. हे आखताना मुलांना अवश्य दाखवावे.

जमिनीवर उतरविताना सुतळी, दोन खुंट्या आणि खडू एवढे साहित्य पुरते. आधी खडूने पुसट खुणा कराव्यात, वाटेची रुंदी एका काठीने मोजीत जावे, आणि एकाने स्वतः चालून, वाट कोठे तुटत नाही अशी खातरी केल्यावरच फक्की टाकावी. फक्की टाकणाऱ्याने वाऱ्याकडे पाठ ठेवावी आणि चुन्याची पूड डोळ्यांत व मुलांच्या हाती जाऊ देऊ नये. सभागृहाच्या फरशीवर खडूच बरा.

चालण्याची रीत

चालण्यापूर्वी दोन मिनिटे प्रवेशद्वाराशी उभे राहावे, मोबाइल बंद करून दूर ठेवावा, आणि आज आपण काय घेऊन आलो आहोत ते एका वाक्यात देवापुढे मांडावे. पादत्राणे काढण्याची आपली रीत येथेही शोभते; मात्र पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारची फरशी पाय पोळते, म्हणून वेळ पहाटेची किंवा सूर्यास्तानंतरची ठेवावी.

आत शिरताच वाट तुम्हाला बाहेरून तिसऱ्या वेढ्यात नेते, आणि मध्य आता जवळ आला असे वाटते न वाटते तोच ती बाहेरच्या दिशेने वळून दुसऱ्यात आणि नंतर अगदी काठावरच्या पहिल्या वेढ्यात आणून सोडते. तेथून चौथ्यात, चौथ्यातून एकदम सातव्यात, जेथे मध्य हाताच्या अंतरावर असतो. परंतु तेथूनही प्रवेश नाही, कारण वाट पुन्हा मागे फिरून सहाव्यात व पाचव्यात जाते, आणि पाचव्यातूनच मध्य लाभतो. पहिल्यांदा चालणाऱ्याला काठावर असताना आपण चुकलो असे हटकून वाटते. त्या क्षणी थांबून मागे वळू नये, रेषा ओलांडू नये. देवापासून आपण दूर चाललो आहोत असे वाटणे आणि खरोखर दूर जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, ही शिकवण उपदेशात ऐकणे वेगळे आणि पहिल्या वेढ्यात उभे राहून अनुभवणे वेगळे.

मनाला धरण्यास काहीतरी द्यावे. नवशिक्याने पावलागणिक 'प्रभो, दया कर' एवढेच म्हणावे. ज्यांना शास्त्रपाठाची सवय आहे त्यांनी स्तोत्रसंहितेतील 120 ते 134 या आरोहणस्तोत्रांपैकी एखादे चालण्याआधी वाचावे. ज्यांना दिवसाचा आढावा घ्यावयाचा आहे त्यांच्यासाठी संत इग्नेशियस यांची पद्धत उत्तम. खडकीच्या कॅथॉलिक चर्चला ज्यांचे नाव आहे ते हे संत मुळात शिपाईगिरी करणारे. 1521 मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय जायबंदी झाला, पुढे ते आयुष्यभर लंगडत चालले, आणि आत्मवृत्तात त्यांनी स्वतःला यात्रेकरूच म्हटले. दारूगोळ्याच्या गावाला याहून समर्पक आश्रयदाता लाभणे कठीण. त्यांच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या चालीत अशा बसवाव्यात : पहिल्या तीन वेढ्यांत आज लाभलेल्या गोष्टींचे आभार, चौथ्यात प्रकाशाची याचना, सातव्या, सहाव्या आणि पाचव्यात दिवसाची उजळणी, स्वतःचे वकीलपत्र न घेता, मध्यात क्षमायाचना, आणि परतीच्या वाटेवर उद्यासाठी एकच, करता येण्याजोगा निश्चय.

मध्यात हवे तितके थांबावे, परंतु मागे कोणी असेल तर त्याचे भान राखावे. तेथे दिव्य साक्षात्कार व्हावा अशी अपेक्षा बाळगू नये. पुष्कळदा तेथे काहीच घडत नाही, आणि ते ठीकच आहे. परतीची वाट मात्र टाळू नये. रेषा ओलांडून सरळ बाहेर पडण्याचा मोह अनेकांना होतो. लूककृत शुभवर्तमानाच्या 24 व्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य प्रभूला भाकरी मोडताना ओळखतात, आणि रात्र पडू लागली असूनही त्याच घटकेला उठून यरुशलेमला परततात, कारण जे कळले ते सोबत्यांना सांगावयाचे असते. आत जाणे स्वतःसाठी असेल, तर परतणे इतरांसाठी आहे.

अनेकांची सोय

समूहाने चालावयाचे असल्यास दोघांमध्ये निदान एका मिनिटाचे अंतर ठेवावे, एकाने प्रवेशद्वाराशी उभे राहून हे नियमन करावे. येणारा आणि जाणारा समोरासमोर आले, तर बाहेर येणाऱ्याने क्षणभर बाजूला होऊन आत जाणाऱ्याला वाट द्यावी. बोलू नये, नुसती मान लववावी. मुलांना धावू द्यावे, पण त्यांची वेळ निराळी ठेवावी, म्हणजे रॅंसच्या धर्मगुरूंवर आलेला प्रसंग आपल्यावर येणार नाही. ज्यांना वळणांनी घेरी येते त्यांनी वळणावर नजर पायांकडे न ठेवता समोर ठेवावी, आणि बरे वाटेनासे झाले तर निःसंकोच रेषा ओलांडून बाहेर यावे. चाकाच्या खुर्चीसाठी दीड फुटाची वाट अपुरी पडते. तीन फूट तरी हवी, आणि तेवढे अंगण क्वचितच असते.

ज्यांना चालणे शक्य नाही त्यांच्यासाठी इटलीतील लुक्का येथील कॅथीड्रलने फार पूर्वी तोड काढून ठेवली आहे : तेथे प्रवेशमंडपाच्या खांबावर बोटाने फिरता येईल असा लहान चक्रव्यूह कोरलेला आहे. तशीच आकृती पुठ्ठ्यावर जाड सुतळी चिकटवून घरी करता येते. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीने नित्याच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताचे बोट त्यावरून फिरवावे. सवय नसलेला हात आपोआप सावकाश चालतो.

नुकताच शोक झालेल्या व्यक्तीला चालताना रडू कोसळते, असे घडू शकते. तिला अडवू नये, समजावू नये. कोणीतरी वडीलधारे माणूस आवारात बसून असावे आणि चालणे संपल्यावर चहाला सोबत करावी, इतकेच पुरे.

वर्षातील दिवस

खडकीच्या ऋतुमानाप्रमाणे दिवस निवडावेत. संत इग्नेशियस यांचा सण 31 जुलैला, ऐन पावसात येतो. त्या दिवशी सभागृहात खडूने आखावे. 1841 पासून उभ्या असलेल्या ऑल सेंट्स चर्चच्या नावाचा सण, म्हणजे सर्व संतांचा दिवस, 1 नोव्हेंबरला. तोवर पाऊस ओसरलेला असतो, जमीन वाळून घट्ट झालेली असते, आणि फक्की टिकते. वर्षातून एकदाच आखावयाचे तर हाच काळ घ्यावा. उपवासकाळात दर शुक्रवारी क्रूसाची वाट असतेच, म्हणून चक्रव्यूहासाठी बुधवार ठेवावा. एकीने दुसरीची जागा घेऊ नये.

2 नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी आखलेल्या वाटेची गरज नाही. खडकीच्या युद्धस्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातील 1,600 हून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मरण पावून इतस्ततः पुरल्या गेलेल्या 1,800 हून अधिक जणांची नावे तेथील स्मारकावर आहेत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या देखरेखीखालील त्या जागेत काही आखू नये, गटाने मोठ्याने गाऊ नये. एका रांगेच्या आरंभापासून शेवटापर्यंत सावकाश चालावे, प्रत्येक शिळेवरचे नाव आणि वय वाचावे, आणि त्या नावासाठी एक श्वासभर थांबावे. तेथील रेषा सरळच आहेत. पण विशी-बाविशीतली वये वाचत गेल्यावर पाऊल आपोआप मंद होते.

कसोटी

या साधनेत कोणताही मंत्रप्रभाव नाही. वाटेने चालल्याने पाप धुतले जात नाही, नवस फेडला जात नाही आणि उपासनेला गैरहजर राहण्याची सवलत मिळत नाही. प्रभुभोजन आणि शास्त्रवाचन यांच्या जागी तिला बसविणे हा तिचा दुरुपयोग होय. चालून प्रसन्न वाटले म्हणजे साधना फळली, असेही समजू नये, कारण प्रसन्नता मुळा नदीच्या काठावर सकाळी फेरफटका मारूनही मिळते. खरी कसोटी घरात आणि कामावर लागते. महिनाभर आठवड्यातून एकदा चालल्यावर घरच्या माणसाला विचारावे, की माझे बोलणे काही मऊ झाले आहे काय, मी पूर्वीपेक्षा थोडे अधिक ऐकून घेतो काय. उत्तर होकारार्थी आले तर चालू ठेवावे. नकारार्थी आले तर वाटेला वा आखणीला दोष न देता, परतीच्या फेरीत केलेले निश्चय लिहून काढावेत, त्यांतला एक निवडून तो प्रथम पुरा करावा, आणि मगच पुन्हा प्रवेशद्वाराशी उभे राहावे.